कोपनहेगनमध्ये एकच मोठं जेवण करायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार रात्री कोपनहेगनमध्ये मुक्काम आहे, लग्नाला 25 वर्षं होतायत, तुम्ही सगळं खाता, वहिनी मासे खातात पण चिकन-मटण नाही. यादीत नोमा, जेरेनियम आणि अल्केमिस्ट ही तीन रेस्टॉरंटं आहेत आणि तिन्ही करावीत का, हे तुम्हाला ठरवायचंय.

तिन्ही करू नका. एकच करा. ते जेरेनियम असू द्या आणि शक्य झालं तर दुपारचं टेबल घ्या. तिथे जागा मिळाली नाही तर कॅडो हे चौथं रेस्टॉरंट. बाकीच्या तीन दिवसांत साधं, चांगलं डॅनिश जेवण जेवा.

मी मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं इथल्या रेस्टॉरंटांच्या किचनमध्ये काम करतोय. आधी कोल्ड सेक्शनला होतो, आता पासवर असतो, म्हणजे प्रत्येक प्लेट माझ्या नजरेखालून बाहेर जाते आणि परत आलेलीही मला दिसते. परदेशातून खास खाण्यासाठी आलेली माणसं बहुधा एका आठवड्यात तीन-चार टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांची लांबलचक जेवणं, ठरवून येतात. पहिल्या दिवशी ती प्रत्येक घासाबद्दल विचारतात. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आली की आठव्या पदार्थापासून प्लेटा अर्ध्या परत यायला लागतात. त्यात त्यांचा दोष नाही. पंधरा-वीस पदार्थ, चार तास बसणं, सोबत वाइन, एवढं झाल्यावर जीभ आणि पोट दोन्हींना दोन दिवसांची उसंत लागते. शिवाय इथलं जेवण झणझणीत नसतं. त्याची चव बारीक असते आणि थकलेल्या जिभेवरून ती सहज निसटते.

पैशांचंही आधीच सांगतो. वरच्या फळीतल्या ठिकाणी नुसता मेन्यू माणशी 4,000 क्रोनरच्या पुढे जातो, म्हणजे 50,000 रुपयांच्या वर. वाइन पेअरिंग, म्हणजे पदार्थांना जुळणाऱ्या वेगवेगळ्या वाइन, घेतलं तर त्यात आणखी निम्म्याहून जास्त भर पडते, कधी दुप्पटही होते. 25 टक्के मूल्यवर्धित कर आणि सर्व्हिस मेन्यूच्या किमतीतच धरलेली असते, त्यामुळे टिप द्यायलाच हवी असं काही नाही. वाइन फारशी घेत नसाल तर ज्यूस पेअरिंग मागा. ही या शहराची खरी खासियत आहे. सफरचंद, बीट, गूजबेरी, निरनिराळी पानं, आंबवलेले रस यांतून प्रत्येक पदार्थासाठी वेगळं पेय तयार करतात. वाइनपेक्षा ते स्वस्त पडतं आणि जेवण संपेपर्यंत तुम्ही ताजेतवाने राहता.

जायच्या आधी या जेवणामागचा विचार समजून घेतलात तर ते जास्त आवडेल. 2003 पर्यंत कोपनहेगनमध्ये भारी जेवण म्हणजे फ्रेंच जेवण होतं. त्या वर्षी क्लाउस मायर आणि रेने रेझेपी यांनी क्रिस्टियान्सहाव्न भागातल्या एका जुन्या गोदामात नोमा सुरू केलं. ग्रीनलंड, आइसलंड, फेरो बेटांवरून येणारा माल पूर्वी तिथे साठवत. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, नॉर्डिक देशांतल्या 12 शेफनी दहा कलमी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या मातीतलं, आपल्या पाण्यातलं, त्या त्या ऋतूतलं शिजवायचं, असा त्याचा गाभा होता. ऐकायला सोपं वाटतं. पण या देशात लिंबू पिकत नाही, ऑलिव्ह पिकत नाही, मिरी-वेलदोडा तर नाहीच. मग आंबटपणा आणायचा कुठून? तो सी-बकथॉर्नच्या नारिंगी फळांत सापडला, कच्च्या प्लममध्ये, व्हिनेगरमध्ये, आंबवलेल्या भाज्यांच्या पाण्यात आणि लाकूडमुंग्यांतसुद्धा, कारण त्यांच्या अंगातलं फॉर्मिक आम्ल लिंबासारखं लागतं. खमंगपणासाठी धूर, भाजलेलं धान्य आणि कोजी बुरशी लावून आंबवलेली धान्यं-कडधान्यं आली. म्हणून इथे जेवायला बसलात की मसाला शोधू नका. आंबट कुठून आलंय, धूर कुठून आलाय, कुरकुरीत काय आहे याकडे लक्ष द्या. अर्ध्या तासात जीभ जुळवून घेते.

आता नोमा. 2010, 2011, 2012, 2014 आणि 2021 असं पाच वेळा ते जगातल्या 50 सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलं. 2018 मध्ये क्रिस्टियानिया वस्तीजवळच्या नव्या जागेत गेलं, 2021 मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च, तारा मिळाला. हिवाळ्यात समुद्र, उन्हाळ्यात भाज्या, शरदात रान आणि शिकार असे तिथे वर्षाचे तीन हंगाम ठरलेले. जानेवारी 2023 मध्ये रेझेपींनी जाहीर केलं की नेहमीचं रेस्टॉरंट म्हणून नोमा थांबवायचं आणि त्याची अन्नप्रयोगशाळा करायची. अशा प्रकारचं रेस्टॉरंट पैशांच्या आणि माणसांच्या दृष्टीने टिकणारं नाही, हे त्यांनी स्वतः बोलून दाखवलं. तोवर जगभरातल्या मोठ्या किचन्समध्ये स्टाजला, म्हणजे उमेदवारीला, आलेली मुलं महिनोन्महिने बिनपगारी पानं निवडत बसायची. नोमाने ऑक्टोबर 2022 पासून त्यांना पगार द्यायला सुरुवात केली. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण ताटात आलेल्या प्रत्येक चिमुकल्या पानामागे कुणाचे तरी तास गेलेले असतात आणि त्या तासांचे पैसे मिळालेच पाहिजेत. तुमच्यापुरतं सांगायचं तर, त्या घोषणेनंतर नोमाचे हंगाम पुढे-मागे होत राहिले, मधल्या काळात ते क्योटोलाही जाऊन आले. नोमाच्या भरवशावर विमानाची तिकिटं काढू नका. जायच्या वेळी योगायोगाने काही चालू असेल तर बघा. आणि शरद हा त्यांचा शिकारीचा हंगाम, तो वहिनींच्या कामाचा नाही.

जेरेनियम मी पहिलं का ठेवलं, ते सांगतो. रास्मुस कोफोड हा स्पर्धेत तावून सुलाखून निघालेला शेफ. बोक्यूज दॉर या शेफांच्या जागतिक स्पर्धेत 2005 मध्ये कांस्य, 2007 मध्ये रौप्य आणि 2011 मध्ये सुवर्ण, अशी तिन्ही पदकं त्यांच्या नावावर आहेत. रेस्टॉरंट ओस्टरब्रो भागात, पार्केन या राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियमच्या आठव्या मजल्यावर आहे. पत्ता वाचून माणसं बुचकळ्यात पडतात, पण वर गेल्यावर काचेतून फेलेडपार्कन या मोठ्या बागेचे शेंडे दिसतात. ऑक्टोबरमध्ये ती झाडं पिवळी-तांबडी झालेली असतात. दुपारचं टेबल घ्या म्हणालो ते यासाठी, आणि रात्री अकरा-बाराला जड पोटाने झोपावं लागू नये म्हणूनही.

2016 मध्ये जेरेनियमला तीन तारे मिळाले, डेन्मार्कमध्ये सर्वांत आधी. 2022 च्या जानेवारीपासून त्यांनी मांस पूर्ण बंद केलं. मेन्यूत फक्त भाज्या, मासे आणि समुद्रातले जीव राहिले, आणि त्याच वर्षी ते 50 सर्वोत्तमच्या यादीत पहिलं आलं. वहिनींसाठी याहून सोयीची जागा नाही. त्यांना वेगळा मेन्यू मागावा लागणार नाही, दोघांच्या पुढ्यात तेच पदार्थ येतील. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हे मोलाचं आहे. टेबलावर एकाला वेगळं आणि दुसऱ्याला वेगळं आलं की जेवणाचा अर्धा आनंद, म्हणजे एकाच घासाबद्दल दोघांनी बोलण्याचा, हातचा जातो.

कोफोड यांच्या स्वयंपाकात नजरबंदी असते, पण ती चवीच्या सेवेत असते. त्यांचा रेझर क्लॅम प्रसिद्ध आहे. बांबूच्या कांडीसारखा लांबट शिंपला समोर येतो, रंग-रेषा हुबेहूब, आणि तो अख्खा खायचा असतो, कारण कवच पिठाचं आहे, कागदाइतकं पातळ, आत त्याच शिंपल्याचं मांस आणि आंबट क्रीम. असं कवच करायचं म्हणजे किती अवघड, हे ज्याने एकदा करून पाहिलंय त्यालाच कळतं. पीठ पसरण्यात केसभर फरक पडला की भाजताना तडा जातो. दुसरा पदार्थ हेक माशाचा, संगमरवरासारख्या नक्षीचा, सोबत ताकाचा सॉस आणि कॅव्हिअर. मेन्यू बदलत असतो, त्यामुळे हेच मिळेल असं नाही, पण हात तोच असेल. आणि शेफ स्वतः पदार्थ घेऊन टेबलाशी येतात तेव्हा प्रश्न विचारायला संकोचू नका. आम्हाला ते मनापासून आवडतं.

अल्केमिस्टला जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगत नाही, तुम्हाला सांगतोय. रास्मुस मुंक यांनी 2019 मध्ये रेफ्शालेओएन बेटावर ते उघडलं आणि काही महिन्यांतच दोन तारे मिळवले. भलंमोठं ब्राँझचं कोरीव दार, आत तारांगणासारखा घुमट, त्यावर हलणारी दृश्यं आणि एकूण सुमारे 50 छोटे-मोठे अनुभव, पाच-सहा तास चालणारे. डोळ्याच्या आकाराचा पदार्थ, समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल बोलणारा कॉड, रक्तदानाची आठवण करून देणारं, रक्ताच्या थेंबासारखं आइस्क्रीम, पिंजऱ्यात आलेला कोंबडीचा पाय. हे दिखाऊ आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. मुंक यांना अन्नाबद्दल काही सांगायचंय आणि तांत्रिक बाजू अतिशय भक्कम आहे. महामारीच्या काळात याच माणसाने शहरातल्या बेघर लोकांसाठी रोज जेवण शिजवलं, म्हणजे ताटातून जे बोलतात ते ताटाबाहेरही करतात. पण हा प्रयोग पाहायला जायचा असतो. एकमेकांशी गप्पा मारत बसण्याची ती जागा नाही, आणि त्यातल्या कितीतरी पदार्थांत वहिनी न खाणाऱ्या गोष्टी असतात. तुमचा मुलगा किंवा मुलगी नाटक-चित्रकलेत रमणारी असेल तर पुढे कधीतरी तिला जरूर पाठवा.

आता कॅडो. माझ्या स्वतःच्या पैशांनी एका ठिकाणी पुन्हा जायचं असेल तर मी इथे जातो. निकोलाय नोरगोर हे बोर्नहोम बेटाचे. हे बेट डेन्मार्कचं असलं तरी बाल्टिक समुद्रात दूर पूर्वेला, स्वीडनच्या जवळ आहे. ऊन जास्त, खडकाळ किनारा, अंजिराची झाडं वाढतात, हेरिंग मासा धुरी देऊन टिकवण्याची जुनी परंपरा. 2007 मध्ये तिथे समुद्रकाठी त्यांनी पहिलं रेस्टॉरंट काढलं. ते उन्हाळ्यात चालतं. कोपनहेगनचं 2011 मध्ये आलं, आता क्रिस्टियान्सहाव्नच्या विल्डर्सगेड रस्त्यावर आहे, दोन तारे आहेत.

आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-सांडगे-लोणच्यांची वर्षभराची बेगमी करतात ना, कॅडोचं सगळं स्वयंपाकघर तशा बेगमीवर उभं आहे. बेटावरच्या बागेत आणि रानात वसंतापासून शरदापर्यंत जे उगवतं ते खारवतात, वाळवतात, आंबवतात, तेलात-व्हिनेगरमध्ये मुरवतात. एल्डरफ्लॉवर, कच्च्या स्ट्रॉबेऱ्या, पाइनचे कोवळे कोंब, गुलाबाच्या पाकळ्या, अंजिराची पानं. मग हिवाळ्यात बाहेर काहीच उगवत नसताना ताटात जूनमधला आंबटपणा येतो. ऑक्टोबरला तर दोन्ही बाजू जुळतात. कोठार नुकतंच भरलेलं असतं आणि बाहेर सफरचंद, अळंबी, भोपळा, कंदमुळं ताजी असतात. त्यांचा धुरावलेला सॅमन अंजिराच्या पानाच्या तेलासोबत मिळाला तर हळूहळू खा. त्या पानाला नारळाच्या जवळ जाणारा वास असतो आणि कोकणातल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो. कॅडोमध्ये मेन्यूचा भर मासे आणि भाज्यांवर असला तरी मांस नसेलच असं धरून चालू नका. बुकिंग करतानाच कळवा.

मासे हीच तुमची मुख्य आवड असेल तर योर्डनेअरचाही विचार करा. एरिक आणि टीना विल्डगोर हे जोडपं गेंटोफ्टे या उपनगरात एका छोट्या हॉटेलात ते चालवतं, शहरातून एस-टोग लोकलने जाता येतं. 2024 मध्ये तिसरा तारा मिळाला. लँगुस्टीन, टर्बट, किंग क्रॅब, कॅव्हिअर, सगळं अव्वल आणि हाताळणी अतिशय नाजूक. मी ते कॅडोच्या खाली ठेवतो ते एवढ्यासाठीच, की तिथे तुम्हाला उत्तम समुद्र भेटतो, पण या भूमीची ओळख तेवढी होत नाही.

आणखी दोन-तीन नावं भराभर. कोआन हे कोरियात जन्मलेल्या आणि डेन्मार्कमध्ये वाढलेल्या क्रिस्टियन बाउमान यांचं. 2023 मध्ये उघडल्यावर काही आठवड्यांत दोन तारे मिळाले. कोरियन आंबवण आणि डॅनिश माल यांचा मेळ आपल्या जिभेला लवकर पटतो. एओसी जुन्या वाड्याच्या कमानी असलेल्या तळघरात आहे, जेवण शांत आणि सुंदर. कोंग हान्स केल्डरमध्ये फ्रेंच पद्धतीचा सॉस आणि ट्रॉलीवरची सर्व्हिस अजून जिवंत आहे. पण फ्रेंच जेवण तुम्हाला पॅरिसमध्येही मिळेल.

उरलेल्या दिवसांत एक दुपार शोनेमानसाठी ठेवा. 1877 पासून चालू असलेलं हे ठिकाण फक्त स्मोरब्रोड वाढतं, म्हणजे राईच्या काळ्या पावाच्या लोणी लावलेल्या चकत्यांवर रचलेले पदार्थ. क्रम पाळा. आधी हेरिंग, मग दुसरे मासे, मग मांस, शेवटी चीज. उचलून खायचं नाही, काट्या-सुरीने खायचं. वहिनींसाठी हेरिंगचे निरनिराळे प्रकार आणि बटाट्याचा स्मोरब्रोड आहेच. तिथेही आधी टेबल राखून ठेवावं लागतं. एका संध्याकाळी होस्त या रेस्टॉरंटला जा. नॉर्डिक पद्धतीचा तीन किंवा पाच पदार्थांचा मेन्यू मोठ्या ठिकाणांच्या किमतीच्या एका छोट्या अंशात मिळतो आणि सजावटही देखणी आहे. सकाळी बेकऱ्या. वेलदोड्याचा बन इथे सगळीकडे मिळतो, आणि वेलदोडा इथे पिकत नसूनही या लोकांनी तो शतकानुशतकं आपलासा केलाय. युनो किंवा हार्ट बेकरीत रांग लागते, तरी थांबा.

हे उत्तर पूर्ण शाकाहारी मंडळीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी. ‘मांस नाही’ म्हणजे शाकाहारी नव्हे. जेरेनियममध्ये मासे आहेत. अनेक सॉसच्या तळाशी माशाचा किंवा शिंपल्यांचा स्टॉक असतो, गोडात जिलेटिन असतं, चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पोटातला पदार्थ, असतं. त्यामुळे ‘शाकाहारी’ एवढं लिहून थांबू नका. मांस, मासे, कवचाचे जीव, त्यांचे स्टॉक आणि जिलेटिन नको, दूध आणि अंडं चालेल किंवा चालणार नाही, असं सुटं सुटं लिहा. नोरे फारिमाग्सगेडवरचं आर्क हे पूर्ण वनस्पतिजन्य मेन्यूचं आणि मिशेलिनचा पर्यावरणपूरकतेसाठीचा हिरवा तारा मिळालेलं रेस्टॉरंट आहे. तिथे हा प्रश्नच येत नाही. कांदा-लसूण आणि कंदमुळं न खाणाऱ्या जैन पाहुण्यांना मात्र मी टेस्टिंग मेन्यूच्या वाटेला जायला सांगणार नाही. इथला हिवाळी स्वयंपाक कंदांवरच चालतो. ते काढून टाकले तर शेफच्या हाती फार थोडं उरतं आणि तुमचे पैसे वाया जातात.

बुकिंगचं गणित नीट सांभाळा. बहुतेक ठिकाणी नाटकाच्या तिकिटासारखे पूर्ण पैसे आधी भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. काही ठिकाणी आरक्षण दुसऱ्याच्या नावावर करता येतं. जागा दोन-तीन महिने आधी ठरावीक तारखेला खुल्या होतात, ती तारीख रेस्टॉरंटच्या संकेतस्थळावर पाहा आणि त्यांच्या बातमीपत्राला नाव नोंदवा. शेंगेन व्हिसाला लागणारा वेळ लक्षात घेऊन अर्ज जितक्या लवकर करता येईल तितका करा. व्हिसा हातात नसताना एक लाख रुपयांचं टेबल घेणं धोक्याचं आहे. त्यापेक्षा वेटिंग लिस्टवर नाव ठेवा. आयत्या वेळी दोघांचं टेबल सुटण्याची शक्यता चौघांच्या टेबलापेक्षा बरीच जास्त असते, हे मी रोज पाहतो. मोठी ठिकाणं बहुधा बुधवार ते शनिवार चालतात, त्यामुळे चार रात्री रविवार-सोमवार-मंगळवारमध्ये अडकू देऊ नका. जुलैमध्ये कित्येक जण सुटीवर जातात. तुमचा ऑक्टोबर त्या दृष्टीने चांगला आहे. फक्त महिन्याच्या मध्यावर शाळांची शरद सुटी असते, तेव्हा हॉटेलं महागतात. पहिल्याच आठवड्यात या.

कपड्यांची काळजी नको. साडी नेसा, कुर्ता घाला, साधी पँट-शर्ट चालते, टायची गरज नाही. तीव्र अत्तर तेवढं टाळा, कारण इथले वास फार हलके असतात. त्या दिवशी सकाळी नाश्ता थोडाच करा. आणि बुकिंगच्या वेळी टीपेच्या रकान्यात लग्नाचा 25 वा वाढदिवस आहे, एक जण मांस खात नाही, असं आवर्जून लिहा. जेवणाच्या दोन दिवस आधी तेच ईमेलने पुन्हा कळवा. ती टीप सर्व्हिसच्या आधी होणाऱ्या बैठकीत मोठ्याने वाचली जाते आणि मग तुमचं टेबल कुठलं, हे किचनमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.